एटापल्लीले गेलेली कॅसेट

गफ्फारभाऊच्या दुकानात चारशेच्या वर कॅसेटी होत्या, आणि त्यातल्या जवळपास सगळ्यायमध्ये मी होतो. हे मी फुशारकीनं सांगत नाई. एका काळी सांगत होतो, लय सांगत होतो, आरमोरीत कोणालेही इचारा. 'आरमोरी वार्ता'वाले श्रीहरी गुरुजी आले म्हटलं का पानठेल्यावरचे लोक सरकून जागा देत होते. पण गफ्फारभाऊ त्या कॅसेटी माह्यासाठी ऐकत नव्हता. माह्या आवाजाच्या मागं तो आपल्या बायकोचा आवाज शोधत होता. रहमतबी मरून गेली होती. मतदार कार्डावर तिचा एक फोटो होता, तोही असा का पाहणाऱ्याले वाटावं दुसरीच कोणी बाई आहे. आवाज मात्र कुठीच उरला नव्हता. अन् तो उरला नाई, त्याले कारण मी.

सुरुवात झाली त्र्याण्णवमध्ये. गफ्फारभाऊचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर, दुकानाच्या मागं घर, आणि त्या घराची अन् माह्या घराची भिंत एक. त्यानं छतावर तबकडी बसवून गावात केबल फिरवली होती. लग्नाची शूटिंग करायले एक कॅमेराही आणला होता, पण त्याच्यापुढं रहमतबी कधी आली नाई. एक दिवस मले म्हणे, "गुरुजी, टीव्हीत आपल्या इकडचं नाव आलं तं एक तं पूर, नाई तं गोळीबार. बाकीचे दिवस आपण काय मेलेले असतो का? आपणच आपली बातमी दाखवू नं." मी जिल्हा परिषदेचा मास्तर. जवानीत रेडिओवर जायची लय हौस होती, ते काही जमलं नाई. आंधळा मागते एक डोळा, अशी माही गत झाली. मी लगेच हो म्हटलं.

दर रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत रेकॉर्डिंग. भिंतीले निळी चादर, टेबलावर प्लास्टिकची फुलं, अन् मी इस्त्रीच्या शर्टात. वैनगंगेच्या पुरानं रस्ता कुठी बंद आहे, धानोऱ्याले मोहाचा बाजार कसा भरला, कोणत्या शाळेतली पोरगी धावण्यात पहिली आली, कोणाची म्हैस हरवली. हसू नका. आमच्या बातम्यांनी सात म्हशी घरी आणल्या. घरी 'मले-तुले' बोलणारा मी, कॅमेऱ्यापुढं बसलो का असा शुद्ध बोलायचो का माही बायको सोनीबाई म्हणे, "हा माणूस कोणाच्या घरचा आहे वं?"

त्या खोलीले लागून रहमतबीची चूल. मधात दार नाई, नुसता पडदा. आणि रहमतबीच्या तोंडाले आराम नव्हता. ती कोंबड्यायशी बोले, भातातल्या खड्यायशी बोले, भिंतीवरून सोनीबाईशी बोले. बोलायले कोणी नसलं तं स्वतःशीच बोले. मी तिकडं "तालुक्यातील शेतकऱ्यांनी" म्हटलं का इकडून हिचं "हाड, मेले, पुन्हा आली का" सुरू. मी हात वर करायचो. "बंद. मागं घ्या. पुन्हा." गफ्फारभाऊ कॅसेट मागं घेई अन् त्याच्यावरच नव्यानं रेकॉर्ड करी. रहमतबी पडद्याआडून डोकावे, पदर तोंडावर धरून हसे, म्हणे, "भूल झाली गुरुजी." पाच मिनिटांत विसरून जाई. जित्याची खोड. पुन्हा माहा हात वर.

असं सहा वर्षं, दर रविवारी. माह्यावाल्या बातमीत एक खोकला राहिला नाई पाहिजे, असा माहा हट्ट होता. गावातले लोक म्हणत, गुरुजी, अगदी मुंबईसारखं वाटते. मी त्याच्यात खूश होतो.

बातमी आरमोरीपुरती नव्हती. धानोरा, एटापल्ली, अजून दोन ठिकाणच्या केबलवाल्यायले कॅसेट एसटीनं जायची, कंडक्टरच्या हाती. त्यायनं ती दाखवायची अन् परत पाठवायची, म्हणजे पुढच्या रविवारी तीच कॅसेट कामी येई. बाकीच्या कॉप्या गफ्फारभाऊ सोमवारी निवांत बनवी. एटापल्लीची मात्र सोय येगळी होती. तिकडं लवकर पोचवणारी एकच गाडी, ती रविवारीच दुपारी जाई. म्हणून कॅमेऱ्याची वायर तो दोन व्हीसीआरले एकदम लावत होता. एकात आपली मूळ कॅसेट, दुसऱ्यात एटापल्लीची. रेकॉर्डिंग संपलं का एटापल्लीची काढायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि स्टँडवर पळायचं.

श्याण्णवच्या श्रावणातला एक रविवार. शेवटची बातमी चालू, अन् रहमतबीनं तिकडून भिंतीपलीकडं आवाज देला. माहं डोकं सटकलं. त्या दिवशी दोनदा थांबवून झालं होतं. मी हात वर नाई केला, सरळ पडद्याकडं पाहून ओरडलो, "भाभी, बोलल्याबिगर मरता का तुमी?" गफ्फारभाऊनं मशीन बंद केली. तेवढ्यात स्टँडवरून गाडीचा हॉर्न आला, गाडी येळेच्या आधीच लागली होती. मागं घ्यायले टाइम कुठी? एटापल्लीची कॅसेट तशीच गुंडाळून गेली. आपल्यावाली मूळ कॅसेट मागं घेऊन आमी शेवट पुन्हा रेकॉर्ड केला. आरमोरीनं स्वच्छ बातमी पाहिली, एटापल्लीनं माहं ओरडणं पाहिलं.

रहमतबी त्या दिवशी पडद्याआडून डोकावली नाई. ती काय बोलली होती, ते मले पुढं कधी आठवलं नाई. मी काय बोललो, ते मात्र शब्दाशब्दानं आठवते.

एटापल्लीचा केबलवाला बिरजू. पुढच्या महिन्यात तो आरमोरीले आला अन् दात काढत म्हणे, "गुरुजी, तुमची बातमी आमच्या इथी लय गाजली. लोक पुन्हा पुन्हा लावायले सांगतात. ते कॅसेट मी नाई देत वापस." माह्या नाकाले मिरच्या झोंबल्या. मी गफ्फारभाऊच्या मागं लागलो का ती कॅसेट आणा अन् पुसा. त्यानं दोन-तीनदा निरोप धाडला. बिरजूनं नाई पाठवली. मग मीच तो विषय सोडून देला.

नव्याण्णवच्या पावसाळ्यात रहमतबी गेली. मलेरिया डोक्यात चढला. सोमवारी ताप आला, गुरुवारी माती झाली. पुढच्या रविवारी मी सवयीनं इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, तं गफ्फारभाऊ खोलीत नुसता बसून होता. मी खुर्चीवर बसलो. तिकडून कोणाचाच आवाज नाई, बातमी वाचायले याच्यापेक्षा चांगला दिवस भेटला नसता. माह्यानं एक ओळ वाचली गेली नाई. 'आरमोरी वार्ता' तिथीच बंद पडली. पुढं बाहेरची केबल आली, गफ्फारभाऊची तबकडी छतावर गंजत राहिली. त्याचा एकुलता पोरगा कैफ नागपूरले मोबाइलच्या दुकानात होता. तो म्हणे, अब्बा, इकडं या. हा जात नव्हता. दुकानात टीव्ही रिपेरीले येणं कमी झालं तरी सकाळी शटर वर, संध्याकाळी खाली.

आणि मग त्याले कॅसेटी जमवायचा नाद लागला. आठवडी बाजाराच्या दिवशी तो रस्त्याकडं तोंड करून टीव्ही ठेवी अन् जुन्या बातम्या लावी. खेड्यापाड्यातून बाजाराले आलेले लोक उभे राहत. लटारू नावाचा एक म्हातारा होता, त्याले त्याच्यात आपला मेलेला भाऊ दिसला, बैलाले पाणी पाजून राह्यला होता. लटारू पिशवी खाली ठेवून पायरीवरच बसला अन् तीन बाजार सारखा येत राहिला. गफ्फारभाऊ पाहिजे त्याले कॉपी करून देई. बदल्यात एकच मागे, घरी त्या काळातली कोणती जुनी कॅसेट असन तं आणून द्या, ऐकून वापस करतो. लोक लग्नाच्या कॅसेटी आणत, त्याच्या शेवटाले कुठी आमची बातमी अर्धीमुर्धी भरलेली असे. धानोऱ्याहून एका माणसानं पोतंभर आणून देल्या. सगळ्या तो एकेक करून, टीव्हीच्या स्पीकरले कान लावून ऐके.

आता माही अक्कल पाहा. मले वाटलं, हा माह्या आवाजाचा शौकीन झाला. मी बाजाराच्या दिवशी मुद्दाम दुकानात जाऊन बसत होतो, लोकायनं टीव्हीतला मी अन् खुर्चीवरचा मी दोन्ही पाहावं म्हणून. कोणी ओळखलं का मी मान खाली घालून लाजल्यासारखं करत होतो.

दोन हजार तीनच्या एका दुपारी मी अचानक गेलो. टीव्हीत मी छान बोलून राह्यलो होतो, अन् गफ्फारभाऊ बटन फिरवून माहा आवाज दाबत होता. दाबता दाबता मी असा झालो जसा कोणी घागरीत तोंड घालून बोलते. आणि मागून कोंबडीचं फडफडणं मोठं ऐकू याले लागलं. मी चिडलो. म्हटलं, "काऊन भाऊ, माहा आवाज खराब वाटते का आता?"

त्यानं दचकून पाहिलं. म्हणे, "तुमचा नाई ऐकून राह्यलो, गुरुजी. ती तिकडं होती नं, चुलीपाशी." मग म्हणे, "भांड्याचा आवाज येते. फुकणीचा येते. एका ठिकाणी तिच्या बांगड्या आहेत, ते मी पक्कं सांगतो. पण बोलणं नाई. एक शब्द नाई. मले आता तिचा आवाज आठवतच नाई, गुरुजी. ती काय बोलत होती ते आठवते, आवाज नाई आठवत."

मी खुर्चीवर बसलो. त्याच्या मागं भिंतभर कॅसेटी होत्या. सहा वर्षं मी हात वर केला होता आणि त्यानं माह्या सांगण्यावरून आपल्याच हातानं तिले पुसलं होतं. त्यानं मले दोष देला नाई. देला असता तं मले सोपं गेलं असतं.

अन् त्याच क्षणी मले एटापल्ली आठवली. कॅसेट बिरजूकडं असू शकते, त्याच्यात रहमतबी बोलली आहे. हे मले ठाऊक होतं अन् गफ्फारभाऊ विसरला होता. त्याच्यासाठी तो शेकडो रविवारांतला एक रविवार होता, माह्यासाठी माही फजिती होती. फजिती माणूस विसरत नाई. मी तोंड उघडलं नाई. सांगितलं का तो जाईल, कॅसेट लावेल, आणि तिच्या बोलण्यानंतर मी काय ओरडलो ते त्याले ऐकू येईल. मेलेल्या बाईले 'मरता का' म्हणणारा मी.

खरं सांगतो, दोन वर्षं मी हे पोटात ठेवलं. रोज भिंतीपलीकडून माहाच आवाज दबून दबून येई अन् मी रेडिओ मोठा करून बसत होतो. बाजाराच्या दिवशी दुकानाकडं जाणं सोडून देलं. गफ्फारभाऊ एकटा पडला होता, एकटा जेवे, ईदले सोनीबाई शेवया घेऊन जाई तेवढंच त्याच्या घरी बाईमाणूस. आणि त्या भिंतीच्या अलीकडं मीही एकटाच होतो, बायको घरात असून. शेवटी तिनंच मले धरलं. "तुमी त्याच्याकडं काऊन जात नाई? काय खाल्लं तुमी त्याचं?" खाई त्याले खवखवे म्हणतात. मी सगळं ओकलो. सोनीबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणे, "लाज तुमची आहे अन् बायको त्याची. कोणतं मोठं, ते तुमीच ठरवा."

मी तसाच उठून गेलो आणि सांगितलं. ओरडणंही सांगितलं, काही लपवलं नाई. गफ्फारभाऊ हातातलं पेच खोलायचं पेचकस कापडानं पुसत राहिला. "दोन वर्षं, गुरुजी?" एवढंच म्हणे. आठ दिवस मले त्यानं तोंड दाखवलं नाई. नवव्या दिवशी सकाळी दारात उभा, हातात पोतं, पोत्यात व्हीसीआर. "चला. बिरजूकडं आता मशीन नसन."

एटापल्लीची वाट मोठी. वाटेत पोलिसायच्या नाकाबंदीत दोनदा गाडीतून उतरवलं, पिशव्या पाहिल्या. पोत्यात मशीन अन् वायरा पाहून जवानायनं आमाले झाडाखाली बसवून ठेवलं. गफ्फारभाऊनं झाकण खोलून दाखवलं, हे डोकं, हा पट्टा, हे चाक. एकानं इचारलं, "बाबा, आजकाल हे कोण पाहते? कशाले नेता?" गफ्फारभाऊ म्हणे, "घरचं काम आहे." त्या जवान पोरानं झाकण लावायले मदत केली. पुढच्या वाटेनं त्यानं पोतं मांडीवरच धरून ठेवलं. मनातल्या मनात मी म्हणत होतो, कॅसेट भेटो. लगेच म्हणत होतो, नको भेटो. एवढा हलका माणूस मी.

बिरजूचं केबल कधीचं बंद पडलं होतं, आता त्याचं किराणा दुकान होतं. माह्याकडं पाहून तो हसायले लागला होता, पण गफ्फारभाऊनं कशासाठी आलो ते सांगितलं तसं त्याचं हसू गेलं. त्यानं आढ्याले टांगलेली बांबूची टोपली उतरवली. वर केबलच्या जुन्या पावत्यायचे पुडके, खाली सहा कॅसेटी. एकीवर माह्याच अक्षरात तारीख. कॅसेट हलवली तं आतून पांढरं दिसलं. बुरशी.

गफ्फारभाऊनं अंगणात खाट ओढली. कॅसेट खोलली, आतली फीत बोटभर बोटभर काढत मऊ फडक्यानं पुसत गेला. फीत तुटली का संपलं. सगळं पुसायची गरज नाई, शेवटचा भाग पुरे, असं मी म्हटलं. तो म्हणे, "चूप राहा गुरुजी." त्याच्या तोंडून असं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मले ते बरोबर वाटलं. सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा त्यानं पेच आवळले अन् बिरजूच्या टीव्हीले मशीन जोडली.

पडद्यावर आधी नुसत्या रेघा. मग निळी चादर आली, फुलं आली, मी आलो. "धानोरा तालुक्यात रानभाज्यांची स्पर्धा उत्साहात पार पडली." काय माहा आवाज, काय माहा रुबाब.  अन् मागून, बाजूच्या खोलीतून, स्वच्छ आवाज आला.

"अवं सोनीबाई, थोडी तांदळाची कनी असन तं द्या वं. ह्यायले रातपासून ताप हाये, पेज..."

अन् तिथी माहं ओरडणं.

मग पडद्यावर मुंग्या. बिरजू भिंतीकडं पाहत उभा होता. गफ्फारभाऊनं कॅसेट मागं घेतली, पुन्हा लावली. पुन्हा. चौथ्यांदा म्हणे, "मले ताप होता का त्या दिवशी? मले आठवतच नाई. ताप होता अन् मी मशीन चालवून राह्यलो होतो?" मी म्हटलं, मलेही आठवत नाई. "पेज भेटली असन का मले?" तो म्हणे.  ती त्या दिवशी चूप झाली होती, एवढंच मले माहीत होतं. मी म्हटलं, "भाऊ, मले माफ करा." तो ऐकत नव्हता.

मग तो माह्याकडं वळला. "गुरुजी, याच्यातून तुमचा आवाज काढता येते का?"

चाळीस वर्षं मशिनी खोलणारा माणूस, अन् तो मले इचारत होता.  तोच म्हणे, "नाई येत. फितीच्या एकाच पट्टीवर आहे दोघांचा आवाज." मग त्यानं बंद करायच्या बटनावर बोट ठेवलं अन् कॅसेट लावली. माह्या ओरडण्याच्या आधी बोट दाबायचं. पहिल्या टायमाले उशीर झाला, मी ओरडलोच. दुसऱ्या टायमाले लवकर दाबलं, तं ती 'ताप हाये'वरच तुटली. कितीदा केलं, मोजलं नाई. कारण 'पेज' म्हणायले ती अन् ओरडायले मी, दोघंही एकदमच सुरू झालो होतो. तिचा शेवटचा शब्द पाहिजे असन तं माहं ओरडणं ऐकावंच लागत होतं.

शेवटी गफ्फारभाऊनं बटनावरचं बोट काढून घेतलं, हात मांडीवर ठेवला अन् कॅसेट पुढं जाऊ देली.